बेसा, नागपूर : घराचा नकाशा करून देणाऱ्या आर्किटेक्टबद्दल

आमचा प्लॉट पश्चिममुखी. रस्त्याकडे मोठ्या काचा हव्यात, असा मुलाचा हट्ट होता. आर्किटेक्टने पहिल्याच बैठकीत नाही म्हटलं. नागपूर २१ अक्षांशावर, मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला छोटा छज्जाही पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं, छज्ज्याखालून थेट आत येतं. त्यामुळे जिना, संडास-बाथरूम आणि कोठीची खोली पश्चिमेला, झोपायच्या खोल्या पूर्व-उत्तरेला. स्वयंपाकघर आग्नेयेला आलं, तेव्हा सासूबाईही खूश.

सगळ्यात आवडलं ते कूलरचं. आपल्याकडे घर बांधून झाल्यावर खिडकीत कूलर ठोकतात आणि पाण्यासाठी बादल्या वाहतात. इथे उत्तरेच्या सावलीत कूलरसाठी कट्टा, शेजारी नळ, खाली पाणी निघायला पाइप, हे सगळं नकाशातच होतं. समोरच्या भिंतीत वर झरोका ठेवला, कारण आतली हवा बाहेर पडली नाही तर कूलर नुसता दमटपणा वाढवतो. नवतपातही (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही) हॉलमध्ये बसवतं बाप्पा! एसी एकाच खोलीत आहे, तोही पावसाळ्यातल्या उकाड्यासाठी, कारण तेव्हा कूलर कामाचा राहत नाही.

भिंती फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या राखेच्या) विटांच्या, गच्चीवर पाणी मुरू नये म्हणून वीटतुकड्यांचा उतार दिलेला थर, म्हणजे कोबा, आणि वर ऊन परतवणारा पांढरा चायना मोझेक (टाइल्सचे तुकडे). सोलर ३ किलोवॅट, केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान. पॅनेल उंच स्टँडवर घेतले, त्याखाली स्लॅबला सावलीही मिळते. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी विजेच्या मोटरचे, साध्या पंख्याच्या निम्म्याहून कमी वीज खातात.

आता कुरकुर. नकाशाला दहापैकी नऊ देईन, देखरेखीला पाचच. साइटवर साहेब कमी, नवशिके पोरगेच जास्त यायचे. कोब्याचा उतार मिस्त्रीने अंदाजपंचे दिला आणि पहिल्याच पावसात एका कोपऱ्यात पाणी साचलं. फोन केल्यावर साहेब स्वतः आले, तेवढा भाग उखडून परत करून घेतला, पण मजुरीचे पैसे आम्हीच भरले. कोणाकडूनही नकाशा करून घ्या, फी ठरवताना स्लॅब, कोबा आणि वायरिंगच्या वेळी आर्किटेक्ट स्वतः उभे राहतील असं कागदावर लिहून घ्या.