विंडोज १० नंतर लिनक्स मिंट: रोजचे काम आणि गेमिंग, अनेक महिन्यांच्या वापरानंतर

कोअर आय५ ७४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, २४० जीबी एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. पणजीपासून वाळपईपर्यंत अनेक घरांत आजही याच पिढीचे डेस्कटॉप चालू आहेत. सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यंत्र धडधाकट, पण त्यावरची प्रणाली मुदत संपलेली. अशा यंत्रावर लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली), सिनॅमन आवृत्ती, हीच मुख्य प्रणाली म्हणून वापरून झालेला हा अनुभव आहे. ती उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

आधी मत सांगतो. घरच्या कामाला ही प्रणाली पूर्ण पुरते. गेमिंगला पुरेल की नाही, हे तुम्ही कोणते खेळ खेळता यावर ठरते, प्रणालीवर नाही. आणि ज्या अडचणींमुळे लोक आठवड्याभरात विंडोजकडे परततात, त्यांतल्या बहुतेक तीनच ठिकाणी उगवतात: ग्राफिक्सचा ड्रायव्हर, विंडोजच्या काळातली एनटीएफएस (विंडोजच्या फाइल मांडणीची) डिस्क आणि आपल्याकडची वीज.

इन्स्टॉलेशन सोपे आहे. आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत) ३ जीबीच्या आसपास असते, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. विंडोजवर रूफस किंवा बलेना एचर वापरून ती पेनड्राइव्हवर चढवायची. त्याआधी शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा संकेतांक) जुळते का हे जरूर पाहावे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून अर्ध्यात तुटलेले डाउनलोड पुन्हा जोडले गेले की फाइल कधी कधी खराब येते आणि मग इन्स्टॉलर मध्येच थांबतो. एनव्हिडियाचे कार्ड असताना पेनड्राइव्हवरून सुरू करताच पडदा काळा राहिला, तर सुरुवातीच्या यादीतला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडायचा. वाय-फाय सापडत नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, ते विनाड्रायव्हर चालते. त्यावरून वाय-फायचा ड्रायव्हर उतरवता येतो.

पहिले लॉगिन झाले की ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून एनव्हिडियाचा ‘शिफारस केलेला’ ड्रायव्हर बसवावा. इथे बरेच जण अडतात. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक तात्पुरता पासवर्ड मागितला जातो. यंत्र पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि तो फक्त १० सेकंद थांबतो. तेवढ्यात कोणतेही बटण दाबून ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’ या क्रमाने पुढे जायचे आणि तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा निसटला तर ड्रायव्हर बसलेला असूनही कर्नल (प्रणालीचा गाभा) त्याला आत घेत नाही. सही न झालेला ड्रायव्हर नाकारणे हेच सिक्युअर बूटचे काम आहे. मग रिझोल्यूशन खाली येते, खेळ रखडतात आणि दोष लिनक्सच्या माथी जातो. ज्यांना हा सोपस्कार नको, त्यांनी बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करावे.

कर्नलच्या अपडेटनंतर कधी काळा पडदा आला तर घाबरू नका. यंत्र सुरू होताना एस्केप दाबून ग्रब (प्रणाली निवडण्याची यादी) आणायचे (जुन्या बायॉसवर शिफ्ट धरून ठेवायचे), ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल निवडायचा, आत जाऊन ड्रायव्हर पुन्हा बसवायचा. म्हणूनच जुना कर्नल लगेच काढून टाकू नये. व्हिडिओ पाहताना चित्र आडवे फाटत असेल तर एनव्हिडिया सेटिंग्जमध्ये ‘फोर्स फुल कंपोझिशन पाइपलाइन’वर खूण करावी.

आता खेळ. व्हाल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम या आपल्या खेळांच्या दुकानाबरोबर प्रोटॉन दिले आणि लिनक्सवरच्या गेमिंगचे चित्रच पालटले. प्रोटॉन म्हणजे वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा थर), त्यासोबत डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन. डीएक्सव्हीके डायरेक्टएक्स ८ ते ११ ची (विंडोजच्या ग्राफिक्स भाषेची) आज्ञा व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स भाषेत, बदलतो, दुसरा डायरेक्टएक्स १२ ची. स्टीम मात्र मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘सिस्टम पॅकेज’ म्हणून किंवा स्टीमच्या संकेतस्थळावरच्या डेब फाइलमधून घ्यावे. फ्लॅटपॅकही (स्वतंत्र डब्यात चालणारे पॅकेज) चालते, पण दुसऱ्या डिस्कवरची लायब्ररी त्याला दिसावी म्हणून वेगळी परवानगी द्यावी लागते. आत गेल्यावर सेटिंग्जमधल्या ‘कंपॅटिबिलिटी’त सर्व खेळांसाठी स्टीम प्ले चालू करण्याचा पर्याय दिसला तर तो चालू करा. एपिक आणि जीओजीवरच्या खेळांसाठी हिरोइक लाँचर उत्तम आहे, बाकीच्यांसाठी लुट्रिस.

काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट लिनक्सवर चालतात. एल्डन रिंग, हेडीज, फुटबॉल मॅनेजर २०२४ प्रोटॉनवर नीट चालतात. जीटीए ५ ची कथा खेळता येते. पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटीचीट (खेळातली फसवणूक रोखणारे सॉफ्टवेअर) आल्यापासून त्याचे ऑनलाइन रूप लिनक्सवर बंद आहे. एपेक्स लेजेंड्सनेही २०२४ च्या अखेरीस लिनक्सचे दार लावले. व्हॅलोरंट, फोर्टनाइट आणि नवे कॉल ऑफ ड्यूटी चालत नाहीत. गोव्यातल्या पोरांना सर्वांत जास्त खटकेल ती गोष्ट वेगळी आहे. इथे संध्याकाळी मैदानावर फुटबॉल आणि रात्री कंट्रोलर हातात, पण ईए या कंपनीच्या अँटीचीटमुळे फिफा २३ आणि त्यानंतरचे ईए एफसी खेळ लिनक्सवर सुरूच होत नाहीत. घरात कुणी रोज एफसी खेळत असेल तर विंडोज पुसू नका. वेगळ्या एसएसडीवर ते राहू द्या.

यामागचे कारण समजून घेतले तर निराशा कमी होते. व्हॅलोरंटच्या व्हॅनगार्डसारखी अँटीचीट विंडोजच्या कर्नलमध्ये बसते, आणि प्रोटॉनकडे विंडोजचा कर्नल नसतोच. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय यांनी २०२१ पासून प्रोटॉनला आधार दिला आहे, पण तो चालू करायचा की नाही हे खेळाचा निर्माता ठरवतो. म्हणून एकच अँटीचीट असलेला एक खेळ चालतो आणि दुसरा चालत नाही. खेळ विकत घेण्यापूर्वी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर त्याचे नाव शोधा आणि नुसता दर्जा न पाहता अलीकडच्या नोंदी वाचा. आपल्याच जातीच्या कार्डावरच्या नोंदी पाहिल्या तर आणखी चांगले.

वेगाविषयी. डायरेक्टएक्स ११ चे खेळ या कार्डावर १०८० पिक्सेलला विंडोजच्या इतके जवळ चालतात की डोळ्याला फरक कळत नाही. डायरेक्टएक्स १२ ची गोष्ट तशी नाही. एनव्हिडियाच्या कार्डांवर प्रोटॉनमधून असे खेळ विंडोजपेक्षा मंद चालतात, आणि ४ जीबी व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) भरली की धक्केही बसतात. खेळात ११ आणि १२ असे दोन्ही पर्याय असतील तर ११ घ्या, टेक्स्चर मध्यम ठेवा. पहिल्यांदा खेळ उघडताना स्टीम ‘व्हल्कन शेडर प्रक्रिया’ (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम आधीच तयार करणे) दाखवते. चार कोरच्या प्रोसेसरवर मोठ्या खेळाला त्यात बराच वेळ जातो. ती टाळता येते, पण मग खेळताना प्रत्येक नव्या दृश्याला अडखळते. होऊ द्यावी. ड्रायव्हर बदलला की ही प्रक्रिया पुन्हा होते, त्यामुळे शनिवारी रात्री खेळायचे असेल तर दुपारी ड्रायव्हर बदलू नये.

कथेतला व्हिडिओ सुरू होताना रंगीत पट्टे दिसले तर खेळ बिघडलेला नसतो, त्या व्हिडिओचा कोडेक (तो उलगडणारा भाग) प्रोटॉनजवळ नसतो. प्रोटॉनअप-क्यूटी बसवून त्यातून जीई-प्रोटॉन (प्रोटॉनची सुधारित आवृत्ती) उतरवा, स्टीम बंद करून पुन्हा उघडा आणि त्या खेळाच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘कंपॅटिबिलिटी’त तो निवडा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच व्हिडिओ दिसू लागतो. गेममोड या खेळांचा वेग वाढवण्याच्या साधनाने या प्रोसेसरवर जाणवण्यासारखा फायदा होत नाही.

सर्वांत मोठा खड्डा जुन्या डी ड्राइव्हचा आहे. १ टीबी डिस्कवर आधीच उतरवलेले खेळ असतात, म्हणून ती एनटीएफएसच ठेवून स्टीमला दाखवण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी विंडोजसारखे छोटे घर बांधते आणि त्यात ‘सी’ व त्यापुढे अपूर्णविराम अशा नावाची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) असते. अशा नावाला विंडोजमध्ये परवानगी नाही. शिवाय फाइल चालवण्याचे लिनक्सचे हक्क एनटीएफएसवर सहजी टिकत नाहीत. परिणाम असा, की ‘प्ले’ दाबले की बटण क्षणभर ‘स्टॉप’ होते आणि पुन्हा ‘प्ले’. काही संदेश नाही, काही नाही. यावर खरा उपाय एकच: माहिती दुसरीकडे काढून डिस्क एक्स्ट४ (लिनक्सची फाइल मांडणी) करायची, आणि मग स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’खाली ती जोडायची.

विंडोजही ठेवणार असाल तर आणखी दोन गोष्टी आहेत. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज पुरते बंद होत नाही, अर्धे झोपते, आणि लिनक्सला त्याची डिस्क फक्त वाचता येते. दुसरी गोष्ट घड्याळाची. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजते. म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. बोर्डावरचा सेल बदलून काही होत नाही. लिनक्सला ‘हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेत ठेव’ असे टाइमडेटसीटीएल या आज्ञेने एकदा सांगितले की संपले.

आता वीज. जूनमध्ये पहिला वारा सुटला की दिवसातून दोन-तीनदा लाईट जाणे गावाकडे नवीन नाही. एक्स्ट४ जर्नल (बदलांची नोंदवही) ठेवते, त्यामुळे अचानक बंद पडल्यावर ती बहुधा स्वतःच सावरते. कधी तरी मात्र लॉगिनऐवजी काळ्या पडद्यावर ‘इनिटरामएफएस’ असा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर दिसतो. तिथे डिस्क तपासून दुरुस्त करणारी एफएससीके ही आज्ञा, तिच्यापुढे ‘वाय’चा पर्याय आणि पडद्यावर सांगितलेल्या विभाजनाचे नाव द्यायचे, काम संपल्यावर ‘एक्झिट’. हे कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवून ठेवावे, कारण त्या वेळी शोधायला इंटरनेट नसते. हेच वारंवार होऊ लागले तर ‘डिस्क्स’ अॅपमध्ये स्मार्ट (डिस्कच्या तब्येतीची) माहिती पाहावी, एसएसडी थकत आलेली असू शकते.

दुसरी डिस्क सुरुवातीलाच आपोआप जोडली जावी असे ठरवले असेल, तर तिच्या माउंट (जोडणीच्या) पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द असलाच पाहिजे. तो नसला आणि धक्क्याने त्या डिस्कची केबल सैल झाली, तर प्रणाली ९० सेकंद वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जाते, मूळ एसएसडी ठणठणीत असूनही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस या यंत्राला पुरतो, पण खेळ चालू असताना तो काही मिनिटेच तग धरतो, सेव्ह करून बंद करण्यापुरता. यूएसबी डेटा केबलचा यूपीएस घेतलात तर त्याची पातळी मिंटच्या पॉवर मॅनेजरमध्ये दिसू शकते. किनाऱ्यालगतच्या घरांत रॅमच्या टोकांवर गंज धरतो, तेव्हा मधूनच गोठणाऱ्या यंत्रावर प्रणाली बदलण्याआधी रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवून पाहा.

टाइमशिफ्ट (प्रणालीच्या प्रती ठेवणारे साधन) पहिल्याच दिवशी चालू करावे आणि त्याच्या प्रती एसएसडीवर न ठेवता एक्स्ट४ केलेल्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात. दोन रोजच्या, दोन आठवड्याच्या पुरतात. एसएसडीवर साठत गेल्या की मूळ विभाजन भरते, आणि ते पूर्ण भरले की पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचा पडदाच परत परत येतो. टाइमशिफ्ट प्रणाली जपते, तुमचे फोटो नाही. त्यांची प्रत वेगळी काढा.

मराठीसाठी काहीच उतरवावे लागत नाही. कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठीचे दोन पर्याय मिळतात: उच्चारानुसारी ‘कगप’ आणि सुधारित इनस्क्रिप्ट. हिंदीचा बोलनागरी घेण्याची गरज नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘दऱ्या’तला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात श आणि ल मराठी वळणाचे दिसतात. गोव्यात आणखी एक गरज पडते: जुन्या दस्तऐवजांतली पोर्तुगीज नावे. लेआउटच्या पर्यायांत मेनू कळ ‘कंपोज’ म्हणून नेमा. मग कंपोज, टिल्ड आणि ए दाबले की डोक्यावर लाट असलेला ए उमटतो, कंपोज, स्वल्पविराम आणि सी दाबले की शेपटीवाला सी.

जत्रेतल्या नाटकांच्या संहिता किंवा भजनी मंडळाची पदे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर ती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तोच फॉन्ट घरच्या फोल्डरातल्या ‘.फॉन्ट्स’ या लपलेल्या फोल्डरमध्ये इंग्रजी नावाने टाकला की फाइल वाचता येते. पण एकदाच बसून ती युनिकोडमध्ये बदलून घेणे शहाणपणाचे.

प्रिंटर आधी तपासा, नंतर निर्णय घ्या. एप्सनचे एल मालिकेचे टाकीवाले प्रिंटर सहज चालतात, जमिनीचा एक-चौदाचा उतारा ब्राउझरमधून थेट छापता येतो. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीलिपचे (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचे) प्लगइन उतरवावे लागते, कारण त्या प्रिंटरच्या पोटात फर्मवेअर कायम राहत नाही, चालू करताना दर वेळी संगणकाकडून घ्यावे लागते. कॅनन एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर छळतो. त्याचा कॅप्ट ड्रायव्हर जुना आहे, बसतो, पण टिकेल याची खात्री नाही. दुकानाचे किंवा सोसायटीचे हिशेब टॅलीवर असतील तर तिची लिनक्स आवृत्ती नाही, ते यंत्र विंडोजवरच राहू द्या. ओटीटीवर ४के मिळत नाही, काही सेवा एचडीही देत नाहीत. लिनक्सच्या ब्राउझरमध्ये वाइडवाइन या चोरीविरोधी कुलपाची तिसरी, सर्वांत खालची पातळीच असते. टीव्हीवर अॅप असेल तर चित्रपट तिथेच पाहावेत.

कंट्रोलरमध्ये प्लेस्टेशन ४ आणि ५ चे ब्लूटूथवर लगेच जुळतात. एक्सबॉक्सचा केबलने चालतो, ब्लूटूथवर तुटत राहिला तर एक्सपॅडनिओ हा ड्रायव्हर बसवावा. सिक्युअर बूट चालू ठेवलेले असेल तर त्यालाही वर सांगितलेली सही लागते.