आईच्या दाढेची झिर्कोनिया कॅप: कोथरूडच्या क्लिनिकचा अनुभव

आईच्या खालच्या उजव्या दाढेला झिर्कोनियाची (फार कठीण, पांढरं सिरॅमिक) नवीन कॅप बसवून घेतली, डहाणूकर कॉलनीजवळ एक छोटं क्लिनिक आहे तिथे. एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे पुण्यात कॅपबद्दल कोणालाही विचारा, मटेरियल कुठलं आणि वॉरंटी किती वर्षांची एवढंच सांगतात. चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात, तो कसा चेक केला हे कोणी बोलत नाही आणि कॅप टिकणार की फुटणार ते बरंचसं तिथेच ठरतं.

आधीची कॅप दुसरीकडे केली होती, मेटलवर सिरॅमिकचा थर असलेली. बसवली त्या दिवसापासून आई म्हणत होती की उंच लागतंय, तर तिथे उत्तर मिळालं होतं, होईल सवय. काही महिन्यांत बाजूचा टवका उडाला, तोही साधी भाकरी खाताना.

इथल्या मॅडमनी ती फुटकी कॅप काढायच्या आधीच कार्बन पेपर लावून बघितला. खूण मधल्या खाचेत यायला हवी ती उतारावर होती, म्हणजे वरची दाढ तिथे तिरकी घासत होती. त्यांनी आम्हाला आरशात दाखवलं आणि नीट समजावलं की सिरॅमिक दाबाला भक्कम असतं पण ताणाला कच्चं. दाब सरळ खाली मुळाच्या दिशेने गेला तर ते भरपूर सोसतं, पण उतारावर तिरका आला की कॅप वाकायला बघते आणि ताण पडतो आतून, सिमेंटच्या बाजूला, नाहीतर हिरडीजवळच्या कडेला. फरशीखाली पोकळी राहिली की पाय वर पडतो पण तडा खालून जातो ना, तसंच. आणि आतली बारीक चीर लाळेच्या ओलाव्यात प्रत्येक घासाला थोडी थोडी वाढते, म्हणून शेवटी मऊ काहीतरी खातानाच तुकडा निघतो आणि आपण त्या भाकरीला दोष देतो.

मी विचारलं की मग झिर्कोनिया घेतली की प्रश्न मिटला ना? तर नाही. नेहमीच्या झिर्कोनियाची वाकवून तोडायची ताकद साधारण ९०० ते १२०० मेगापास्कल (ताकद मोजायचं एकक), लिथियम डायसिलिकेट या काचेसारख्या सिरॅमिकची ४०० च्या आसपास, आणि जी जास्त पारदर्शक दिसणारी झिर्कोनिया येते ती नेहमीच्या झिर्कोनियापेक्षा कमी. पण चावा चुकला तर झिर्कोनिया शाबूत राहील आणि मार समोरचा दात खाईल, किंवा सिमेंट सुटेल, किंवा रूट कॅनल केलेली दाढच खाली चिरेल. हे मला फार पटलं, कारण वॉरंटी कार्डावर कॅप असते, दाढ नसते.

आता बसवायचा दिवस. सिमेंट लावायच्या आधी नुसती कॅप ठेवून बघितली, भूल न देता, कारण बधिर तोंडाने माणूस नीट चावत नाही. आईला खुर्चीत सरळ बसवलं, आडवं झाल्यावर जबडा थोडा मागे जातो म्हणून. "काकू, दात टेकवा, आता डावीकडे सरकवा, आता उजवीकडे, पुढे," असं बराच वेळ चाललं होतं, सरकवताना निळा कागद आणि नुसतं टेकवायला लाल. मोठा डाग म्हणजे जास्त दाब असं नसतं हेही कळलं, त्यामुळे त्या नुसत्या कागदावर विसंबल्या नाहीत, ८ मायक्रॉनची पातळ पट्टी शेजारच्या दातांत धरून ओढून बघितली की ते दातही टेकतायत ना. रूट कॅनल झालेली असली तरी मुळाभोवतीच्या पडद्याला उंची कळते, म्हणून आईला पुन्हा पुन्हा विचारत होत्या आणि ती सांगेल ते ऐकत होत्या, मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

जिथे कॅप जास्त लागत होती तिथे पाणी मारत हलक्या हाताने घासलं आणि मग रबरने पॉलिश, आरशासारखं होईपर्यंत. हे प्लीज कोणीही टाळू देऊ नका, खरखरीत झिर्कोनिया समोरच्या चांगल्या दाताचं इनॅमल झिजवते.

आई रात्री दात खाते म्हणून नाइट गार्डही (झोपताना दातांवर लावायचं कव्हर) दिलाय. सुरुवातीला कुरकुर होती, आता न सांगता लावते. चिक्की मात्र अजून डावीकडूनच खाते.

तक्रारी दोन. लिफ्ट नाही, पहिला मजला आहे आणि जिना अरुंद, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होईल. आणि एकेका पेशंटला इतका वेळ देतात की मागच्याला थांबावं लागतं, त्यात गल्लीत कार लावायला जागा नाही, रिक्षाने जा. पैसे आसपासच्यांपेक्षा थोडे जास्त घेतले पण पुन्हा चावा तपासायला बोलावलं त्याचे वेगळे घेतले नाहीत.

जाणार असाल तर सकाळची पहिली अपॉइंटमेंट मागा, आणि कॅप बसल्यावर उंच वाटली तर तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या सांगा, त्या पुन्हा कागद लावतात.