ग्रेडिंगला दिलेला रुपया परत आला, पण तो माझा नव्हता

'अमेरिकेतून ग्रेडिंग करून आणून देतो' असं सांगून नाणी गोळा करणारा एक एजंट सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत फिरतोय. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण त्याची कामाची पद्धत सविस्तर लिहितो. बार्शी आणि अक्कलकोटच्या संग्राहकांकडूनही मी अगदी हाच प्रकार ऐकला, आणि 'आपलंच नाणं खराब असेल' असं समजून तेही गप्प बसले होते.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नाणं खरं आहे का, आणि किती चांगल्या अवस्थेत आहे, हे तिऱ्हाईत कंपनीनं तपासून सांगायचं, याला ग्रेडिंग म्हणतात. गुण १ ते ७०. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसानं १९४९ साली तिकडच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी काढली, पुढे ती सगळ्या नाण्यांना लागू झाली. ६० आणि त्यावर म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं. १९८६-८७ पासून अमेरिकेतल्या कंपन्या असं नाणं कडक प्लास्टिकच्या डबीत सील करून, वर नंबर घालून देऊ लागल्या. त्या डबीला आपण सगळे स्लॅब म्हणतो. सुट्या रुपयापेक्षा स्लॅबमधल्या चांगल्या ग्रेडच्या रुपयाला कितीतरी पट भाव येतो, आणि पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

कारण प्रत्येक नाण्याला ग्रेड मिळत नाही. घासलेलं, पॉलिश मारलेलं, कडेवर कानस फिरवलेलं, माळेत ओवायला कडी डाग देऊन बसवलेलं आणि मग काढलेलं, रंग उडवलेलं किंवा चढवलेलं नाणं कंपनी परत पाठवते, नाहीतर गुण न देता नुसतं 'डिटेल्स' लिहून सील करते. फी मात्र घेतेच. नाणं नापास झालं तरी तक्रार करता येत नाही आणि पैसेही मागता येत नाहीत, हे गिऱ्हाइकाच्या मनात आधीच पक्कं असतं. एजंटला नेमकं तेच हवं असतं.

हा गृहस्थ मला एका नाणी प्रदर्शनात भेटला. गळ्यात भिंग, बॅगेत नमुन्याचे पाच-सहा स्लॅब, बोलणं एकदम गोड. मी कस्टम, विमा, टपालखर्च असं विचारायला लागलो तर म्हणाला, "काका, कशाला टेन्शन घेताव ओ? ते सगळं आमच्यावर. तुम्ही फकस्त नाणी द्या." नाण्यामागे साडेतीन हजार, तेही आगाऊ. वर 'ग्रेड आली की गिऱ्हाईकही मीच देतो.'

मी त्याला पाच नाणी दिली. त्यांत १९४७ चा वाघाचा निकेलचा रुपया होता, १९५० चा प्रजासत्ताकाचा पहिला रुपया होता, दोन किरकोळ होती. आणि एक होता १९३८ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया. आजोबा इथल्या गिरणीत जॉबर होते. त्यांनी तो कधी मोडलाच नाही, पातळ कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिला, आणि आमच्या आजीनं तो पूजेला काढून घासला नाही हे माझं नशीब. न वापरलेलं चांदीचं नाणं बोटांत धरून हळूहळू फिरवलं की त्यावरचा उजेड पंख्याच्या पात्यासारखा गोल फिरतो. त्या रुपयावर तो तसाच फिरायचा.

घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक नाण्याचे मी फोटो काढून ठेवतो. दोन्ही बाजू आणि कड, सकाळच्या उन्हात, गॅलरीत. याही वेळी काढले. एजंटनं दिलेल्या पावतीवर मात्र एवढंच होतं : 'नाणी ५ नग, ग्रेडिंगकरिता.' साल नाही, वजन नाही, वर्णन नाही. मी म्हटलं वर्णन घाला, तर म्हणाला, ते कंपनीच्या फॉर्मवर असतंय की.

मग नेहमीचीच वाट बघणं. बॅच भरायचीय, बॅच गेली, कस्टमला अडकली, तिकडं सुट्ट्या आहेत. शेवटी व्हॉट्सॲपवर एक तक्ता आला. १९५० चा रुपया पास, गुण ६३. बाकी चारही नापास. वाघाच्या रुपयापुढे 'रंग संशयास्पद', १९३८ पुढे 'क्लीन्ड', म्हणजे घासून साफ केलेला. तक्ता साध्या एक्सेलमधला, त्यावर कंपनीचं नाव नाही की शिक्का नाही.

नाणी हातात आली ती साध्या प्लास्टिकच्या पाकिटांत, घरच्या प्रिंटरवर छापलेल्या चिठ्ठ्यांसकट. १९३८ चा रुपया मी खिडकीशी नेऊन तिरका धरला. गालापासून केसांपर्यंत एकाच दिशेनं गेलेल्या बारीक रेघा, अक्षरांच्या कोपऱ्यांत अडकलेला काळा मळ, आणि सपाट पांढरी चकाकी. उजेड फिरतच नव्हता. हा रुपया घासलेलाच होता, निकाल शंभर टक्के बरोबर. फक्त हा रुपया माझा नव्हता.

माझ्या फोटोत मुकुटाच्या वर, कडेला एक छोटी खाच आहे, नखाच्या टोकाएवढी. मागच्या बाजूला 'इंडिया' या अक्षरांखाली चहाच्या रंगाची चंद्रकोर आहे. चंद्रकोर घासून जाऊ शकते, कुणी म्हणेल साफ करताना गेली. पण कडेवरची खाच घासून भरून येत नाही. परत आलेल्या रुपयाची कड अखंड होती. सराफ कट्ट्यावर वजन करून घेतलं. ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं, तेवढंच भरलं. म्हणजे नाणं खरं, साल तेच, चांदी तीच. चांदीच्या भावात मिळणारा घासलेला रुपया माझ्या पाकिटात घातला आणि माझा ठेवून घेतला. मग पास झालेला १९५० चा स्लॅबही फोटोशी ताडून पाहिला. स्लॅब अस्सल, नंबर कंपनीच्या साइटवर सापडतो, पण माझ्या नाण्यावर सिंहांजवळ एक काळा ठिपका होता आणि या नाण्यावर तो नाही. बाजारातला स्वस्तातला स्लॅब विकत घेऊन माझ्या गळ्यात मारला होता. पाचातलं एक पास झालं की उरलेल्या चारांबद्दल कुणी संशय घेत नाही, हे त्याला चांगलं माहीत आहे.

फोन केला तर म्हणाला, "कंपनीनंच क्लीन्ड म्हटलंय, त्याला मी काय करू? तुम्हाला नको आसंल तर चांदीच्या भावानं घेतो की." कंपनीची चिठ्ठी मागितली, तर म्हणे सगळ्या बॅचला मिळून एकच असते. ही थाप. खरी कंपनी नापास नाणंसुद्धा स्वतंत्र पाकिटात, स्वतःच्या लेबलासह परत देते, त्यावर ऑर्डरचा क्रमांक आणि नापास करण्याचं कारण असतं. बरंच टुमणं लावल्यावर त्यानं एक ऑर्डर क्रमांक दिला. मी कंपनीला ईमेल केला. असा क्रमांक आमच्याकडे नाही, असं उत्तर आलं.

शहराच्या पूर्व भागात माझा एक स्नेही आहे, घरात अजून माग चालतो त्याच्या. त्यानं याच माणसाला १८६२ चे व्हिक्टोरियाचे रुपये आणि काही शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) दिल्या होत्या, अमेरिकेला पाठवायला. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो, आणि तो खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवराई तर सोडाच, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचव्या जॉर्जचा १९११ चा, त्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून डुक्कर छाप म्हणतात तो रुपया, सगळे यात आले. म्हणून जो माणूस हसत हसत व्हिक्टोरिया घेऊन अमेरिकेचं नाव सांगतो, तो एक तर खोटं बोलतोय, नाहीतर चोरून पाठवतोय, आणि चोरून पाठवताना पकडलं तर नाणं तुमच्या हातून कायमचं गेलं. एजंट पारखायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही : त्याला एक व्हिक्टोरिया दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

खरोखरच्या नापास निकालांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर प्रत्येक नापास नाणं अदलाबदल झालेलंच असतं असा समज व्हायचा. आपल्याकडची जुनी चांदी बहुतेक सगळी घासलेली आहे. दर लक्ष्मीपूजनाला चिंच, लिंबू, रांगोळी, नाहीतर पितांबरी लावून रुपये लखलखीत करायचे ही घरोघरची रीत, आणि कंपनीच्या लेखी तो लखलखाट म्हणजेच दोष. तिथं भावना चालत नाहीत. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८ मधला आठ कोरून त्याचा नऊ करणारे कारागीर आहेत. एका तरुण पोराचा असा रुपया नापास झाला तेव्हा तो कंपनीवर चिडला होता. भिंगाखाली नऊच्या शेपटीशी ओरखडे स्पष्ट दिसत होते. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त अल्बममुळे तर किती नाणी गेली असतील! ते पीव्हीसी असतं, आणि मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या वर गेला की नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. त्यालाही ग्रेड देत नाहीत. नाणी अशा अल्बममध्ये असतील तर आजच बाहेर काढा, हे मी ग्रेडिंग न करणाऱ्यांनाही सांगतो.

कंपन्यांवर माझा राग नाही असंही नाही. तपासणारा माणूस एका नाण्याकडे काही सेकंद बघतो आणि त्यावर तुमचे हजारो रुपये ठरतात. आज नापास झालेलं नाणं पुन्हा पाठवल्यावर पास झाल्याची उदाहरणं आहेत. शेवटी ते एक मत आहे, आणि ते विकत घ्यावं लागतं. पण तो राग वेगळा आणि ही चोरी वेगळी. एजंट मात्र कंपन्यांच्या या लहरीपणाचाच आडोसा घेतो. "ते लोक असंच करतेत ओ काका," हे वाक्य त्याच्या तोंडी सारखं असायचं.

तुम्हाला एजंटमार्फतच पाठवायचं असेल, तर पावतीवर प्रत्येक नाण्याचं साल, धातू, वजन आणि ओळखीची खूण लिहून घ्या. भरलेल्या फॉर्मची प्रत नाणी जायच्या आधी मागा. आणि कंपनीचं स्वतःचं लेबल नसेल तर 'रिजेक्ट' हा शब्द मान्यच करू नका, कारण मग तो निकाल कंपनीचा नसतो, एजंटचा असतो. फोटोत कड विसरू नका. सगळे जण चेहरा आणि मागची बाजू काढतात, माझं सगळं प्रकरण उभं आहे ते कडेच्या फोटोवर.

पोलिसांत अर्ज दिला, तिथं 'रुपयाच्या बदल्यात रुपया मिळालाय ना?' असं विचारलं गेलं. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं शुल्क लागत नाही, आणि प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ज्यांचे दिवस भरत आलेत त्यांनी घाई करावी. स्नेह्याचे व्हिक्टोरिया आणि शिवराया अजून परत आलेल्या नाहीत. 'बॅच अडकलीय' एवढंच उत्तर मिळतं.

एजंटच्या वकिलानं लेखी म्हणणं दाखल केलंय. त्यात लिहिलंय की १९३८ चे रुपये टांकसाळीत एकाच साच्यातून निघतात, त्यामुळे ते सगळे सारखेच दिसतात, आणि तक्रारदाराला आपलं नाणं ओळखता येणं शक्य नाही. पुढच्या तारखेला खाचेचा फोटो मोठा करून नेणार आहे.