लाकडावरील बारीक अक्षरे : व्ही-बिट की सरळ बिट?

सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीव यंत्रावर, पाच-सहा मिलिमीटर उंचीची अक्षरे कोरताना १ मिमी व्यासाचे सरळ बिट (वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीचे कापणारे पाते) त्याहून अरुंद रेघ काढूच शकत नाही, आणि आतले कोपरे अर्ध्या मिलिमीटरच्या त्रिज्येने गोल होत असल्याने ‘क्ष’सारखे गाठीचे अक्षर बुजल्यासारखे दिसते. ६० अंशांचे व्ही-बिट (टोकाकडे निमुळते होत जाणारे पाते) मात्र जितके वर उचलावे तितकी रेघ बारीक करते, त्यामुळे वेलांटीचे टोकही रेखीव उतरते. त्याची खोड एकच, पण त्रासदायक: फळी ०.२ मिमीने उंचसखल असली, तरी रेघेची रुंदी सुमारे ०.२३ मिमीने बदलते. म्हणून आधी पृष्ठभाग सपाट करून घेणे भागच आहे. सरळ बिटाच्या रेघेला हा फरक जाणवत नाही, पण इतके बारीक बिट चटकन मोडते. मऊ पाइनमध्ये दोन्हींच्या कडांना तूस राहते. घट्ट पोताच्या मेपलवर मी व्ही-बिटच लावीन.