नामिबियातल्या पहिल्या शिकारीसाठी घेतलेलं सामान आणि मांडलेलं बजेट : वर्षभराच्या वापरानंतर

आफ्रिकेला शिकारीला जायचं ठरलं की माणसाचा सगळा जीव रायफलीत अडकतो. कॅलिबर कोणतं, स्कोप कोणता, थेट जड जनावरांसाठीची .375 घ्यावी का, या चर्चेत महिनेच्या महिने जातात. मी टेक्सासमध्ये राहतो. कुडू आणि गेम्सबॉक या तिथल्या मोठ्या शिंगांच्या हरणांसाठी नामिबियाला जाऊन आलो. जाण्याआधी बरेच महिने इथे त्याच सामानावर सराव केला, आणि परत आल्यावरही तेच वापरतोय. या सगळ्यातून माझं मत पक्कं झालंय. रायफल घरात आहे तीच पुरते. पैसा घालायचा तो शूटिंग स्टिक्स (रायफल टेकवायच्या काठ्या), गोळ्या, दुर्बीण आणि बुटांवर. आणि बजेट मांडायला बसाल तेव्हा जनावर पडल्यानंतरचा खर्च सगळ्यात आधी लिहा, कारण लोक नेमका तोच विसरतात.

सुरुवात स्टिक्सपासून, कारण सगळ्यात जास्त वापर त्यांचाच झाला.

अमेरिकेत आपण बहुतेक वेळा मचाणावरून किंवा आडोशाला बसून, हात टेकवून गोळी झाडतो. नामिबियात पायी चालायचं असतं. गवत कमरेपर्यंत, त्यात काटेरी झुडपं, त्यामुळे झोपून किंवा बसून काही दिसतच नाही. माग काढणारा पुढे, त्याच्या मागे प्रोफेशनल हंटर, ज्याला तिथे सगळे पीएच म्हणतात, आणि मग आपण. पीएच थबकतो, तीन काठ्या फाकवून जमिनीत रोवतो आणि बाजूला होतो. तिथून पुढे तुमच्या हातात काही सेकंद असतात. रायफलीचा पुढचा लाकडी भाग काठ्यांच्या बेचक्यात ठेवायचा, डाव्या हाताने बेचकं आणि लाकूड एकत्र मुठीत धरायचं, उजवं कोपर बरगडीला चिकटवायचं. पुढची बाजू स्थिर राहते, पण दस्त्याची बाजू श्वासागणिक डुलत असते. तो डोल कमी करायचा एकच मार्ग आहे, सराव.

मी घेतल्या त्या कार्बनच्या तीन पायांच्या. वजनाला हलक्या, जोड फिरवून लांबी कमीजास्त करता येते. पहिले काही महिने उत्तम चालल्या. नंतर एका पायाचा जोड सैल पडायला लागला आणि रायफलीचं वजन आलं की पाय हळूच आत सरकायचा. रबराचा वायसर बदलून ते थांबलं. तरी आज घ्यायची वेळ आली तर मी साध्या, न दुमडणाऱ्या लाकडी काठ्या घेईन. तिथल्या पीएचकडे तशाच होत्या. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधलेल्या, वर्षानुवर्षं वापरून काळ्या पडलेल्या, आणि दगडावर टेकवताना जराही आवाज न करणाऱ्या. माझ्या काठ्या प्रत्यक्ष शिकारीत वापरल्याच गेल्या नाहीत. पण म्हणून त्यांचे पैसे वाया गेले असं मला वाटत नाही. त्या सरावासाठी होत्या आणि सरावाचं काम त्यांनी चोख केलं. चार पायांच्या स्टिक्सही मिळतात. त्या पुढून मागून आधार देतात, जास्त स्थिर असतात. फक्त तुमचा पीएच तशा वापरतो का ते आधी विचारून घ्या. जे तिथे हातात येणार त्यावरच सराव केलेला बरा.

सरावाची माझी मोजपट्टी सोपी होती. साधारण नऊ इंची कागदी ताट 100 मीटरवर लावायचं. रायफल खांद्यावर, काठ्या मिटलेल्या. मनात वेळ सुरू करायची आणि दहा सेकंदांच्या आत गोळी ताटात गेली पाहिजे. एक नाही, प्रत्येक. बहुतेक रेंजवर फक्त टेबलावरून झाडू देतात, म्हणून उभ्याने परवानगी देणारी जागा शोधावी लागली. घरी रोज रात्री, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून आणि नकली काडतूस भरून, भिंतीवरच्या ठिपक्यावर ट्रिगर ओढण्याचा सराव केला. याला खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

खरा कस लागावा म्हणून मित्राच्या रँचवर रानडुकरांमागेही याच पद्धतीने फिरलो. शक्य असेल तर दक्षिण टेक्सासमध्ये नीलगाईवर हात बसवावा. हो, आपलीच नीलगाय. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात किंग रँचवर आणून सोडली आणि आता किनाऱ्याजवळच्या रानात मोकळी फिरते. चिवट जनावर आहे. आफ्रिकेची तयारी म्हणून इथले जुने शिकारी तिचंच नाव घेतात. भारतात 1972 च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे नीलगाय टेक्सासमध्ये भेटते तेव्हा आपल्या माणसाला थोडं चमत्कारिक वाटतंच.

रायफलीबद्दल थोडक्यात. माझी .30-06, म्हणजे 1906 सालचं काडतूस. 180 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) गोळीने सुमारे 3,900 ज्यूल ऊर्जा देते. नामिबियाच्या कायद्यात किमान कॅलिबर 7 मिलिमीटर आहे. स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावराला किमान 1,350 ज्यूल, कुडू, गेम्सबॉक, हार्टबीस्टला 2,700, आणि रानरेडा (केप बफेलो) किंवा हत्तीला 5,400. म्हणजे हरणवर्गासाठी .30-06 कायद्याने पुरून उरते. गोळी मात्र चांगली घ्या, आत शिरून न फुटता टिकणारी. गेम्सबॉकच्या मानेची आणि खांद्याची कातडी कमालीची जाड असते. नेम धरायची जागाही आपल्या इथल्या हरणापेक्षा वेगळी. आफ्रिकेतल्या जनावरांचं हृदय जास्त पुढे आणि जास्त खाली असतं. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर जायचं आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबायचं. अमेरिकेतल्या सवयीने खांद्याच्या मागे गोळी घातली की जनावर जखमी होऊन निघून जातं.

आणि जखमी होऊन गेलेल्या जनावराचे पूर्ण पैसे द्यावे लागतात. हा नियम जवळजवळ सगळीकडे सारखाच आहे. रक्ताचा एक थेंब जमिनीवर दिसला की ट्रॉफी फी, म्हणजे त्या जनावराची ठरलेली रक्कम, लागू, जनावर सापडो न सापडो. मला हा नियम मनापासून पटतो. सरावाच्या गोळ्यांची एक पेटी आणि हरवलेल्या कुडूची फी यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहा, म्हणजे बजेटमध्ये गोळ्यांचा रकाना मोठा का हवा ते कळेल. पैशांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे ते जनावर कुठेतरी झुडपात तडफडत असतं. त्याची जबाबदारी ट्रिगर ओढणाऱ्याचीच.

दुर्बीण 8x42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, घेतली. दुकानात 10x जास्त भारी वाटते, पण नामिबियाच्या झाडीत अंतर कमी आणि उजेड पहाट-संध्याकाळचा. 8x मध्ये चित्र उजळ दिसतं, हात कमी थरथरतो आणि झुडपातल्या फटींवर लवकर नजर फिरते. कुडू अख्खा कधी दिसत नाही. राखाडी कातडीवरची एखादी पांढरी रेघ, हललेला कान, शिंगाच्या वळणाचा तुकडा, एवढंच दिसतं. गळ्यातला पट्टा मात्र काढून टाका आणि छातीवर बसणारा हार्नेस घ्या. वर्षभरात दुर्बिणीबद्दल एकही तक्रार नाही. धूळ भरपूर बसते, म्हणून आधी हवेचा फुगा मारायचा आणि मगच कापड लावायचं.

बुटांना मऊ तळ हवा, कारण कडक तळ दगडावर वाजतो. पण मऊ तळातून तिथले काटे आरपार येतात. नामिबियातल्या ओत्जीवारोंगोच्या परिसरात काळ्या काटेरी बाभळीचं रान माजलंय. तिचे आकडे कपड्यात अडकले की उलटं मागे सरकूनच सुटावं लागतं. घोट्यापर्यंतचे चामड्याचे बूट आणि वर कापडी गेटर्स (पोटरीवरचं आवरण) हे सगळ्यात चांगलं जमलं. बूट इथे घालून घालून सैल केल्याशिवाय नेऊ नका. कपडे खाकी किंवा मळकट हिरवे पुरतात. लष्करी नक्षीच्या कपड्यांचा काही उपयोग नाही, आणि पुढे कधी झिंबाब्वेला गेलात तर ते घालणं तिथे सामान्य माणसाला कायद्याने मना आहे. जून-जुलैत पहाटे पाणी गोठायच्या बेतात आणि दुपारी शर्टाच्या बाह्या वर, म्हणून एकावर एक घालता येतील असे पातळ कपडे हवेत.

आता पैसे. मोठ्या जनावराच्या नावाखाली पहिल्याच फेरीत रेड्याच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. केप बफेलोचा खर्च दहा हजार डॉलर सहज ओलांडतो, वर जड रायफल आणि तिचा धक्का. कुडू आणि गेम्सबॉक ही अंगाने भरपूर मोठी जनावरं आहेत आणि पहिल्या फेरीत त्यांच्याकडून शिकायला खूप मिळतं.

नामिबियात साधारण दोन प्रकारचे आकडे येतात. दिवसाचा दर, ज्यात राहणं, जेवण, पीएच, माग काढणारा आणि गाडी धरलेली असते. हा एका शिकाऱ्याला अंदाजे 350 ते 500 डॉलर. दोघांत एक पीएच घेतला तर कमी होतो, आणि कायद्याने एका गाइडबरोबर दोनच शिकारी चालतात. मग प्रत्येक जनावराची ट्रॉफी फी. स्प्रिंगबॉक, वॉर्टहॉग (तिथलं रानडुक्कर) काही शे डॉलर, गेम्सबॉक हजाराच्या आसपास किंवा खाली, कुडू दीड-दोन हजारांच्या घरात. पॅकेज घेतलं तर आकडा आधी कळतो. माझा कल मात्र जेवढं मारलं तेवढंच द्यायचं याकडे. पॅकेजमध्ये पैसे भरलेत म्हणून शेवटच्या दिवशी कोवळ्या नरावर गोळी घालायचा मोह होतो, आणि तो होऊच नये अशी व्यवस्था असलेली बरी.

दर मागवताना एका आउटफिटरने, म्हणजे शिकारीची व्यवस्था करणाऱ्याने, कागदावर अगदी गोड आकडा पाठवला. प्रश्न विचारत गेलो तसं उलगडलं: 15 टक्के व्हॅट वेगळा, विमानतळावरून ने-आण वेगळी, बरोबर येणाऱ्या जोडीदाराचा दिवसाचा दर वेगळा, कातडी मीठ लावून टॅक्सिडर्मिस्टकडे (जनावर भरून देणाऱ्याकडे) पोचवणं वेगळं. सगळं मिळवल्यावर तो दुसऱ्या ठिकाणच्या महाग वाटणाऱ्या आकड्यापेक्षा वर गेला. म्हणून प्रश्न लेखी विचारा, उत्तरं लेखी घ्या आणि आधी तिथे जाऊन आलेल्या लोकांशी फोनवर बोला. शिकारीच्या शेवटी पीएच, माग काढणारे आणि स्वयंपाकघरातली माणसं यांना बक्षीस द्यायचं असतं. एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरून चाला आणि माग काढणाऱ्याचा वाटा स्वतःच्या हाताने त्याच्याच हातात द्या. माझ्या कुडूचा माग त्या माणसाने खडकाळ जमिनीवर, एक उलटलेला दगड आणि मोडलेली गवताची काडी बघत काढला. पीएचलाही तिथे काही दिसत नव्हतं.

जनावर पडल्यानंतरचा हिशेब असा. कातडी-शिंगं साफ करून, निर्जंतुक करून पॅक करणं, विमान किंवा जहाजाने पाठवणं, अमेरिकेत कस्टम्स ब्रोकरची फी. हे सगळं मिळून दोन हजार डॉलर आणि वर सहज जातं. त्यानंतर खांद्यापर्यंतचा कुडू भरून घ्यायचा तर आणखी हजार-दीड हजार. मी फक्त कवटी आणि शिंगांवर थांबलो. भिंतीवर तेवढंच पुरे वाटलं आणि बजेटही ताळ्यावर राहिलं. वॉर्टहॉग घेतलात तर डुकरांच्या रोगांमुळे कातडी सरकारमान्य ठिकाणीच जाते, हे ब्रोकरला आधी सांगून ठेवा. मांस आणता येत नाही. ते शेतावरच राहतं, खाल्लं जातं, विकलं जातं, वाळवून बिल्टाँग होतं. गेम्सबॉकचा निखाऱ्यावरचा तुकडा मी तिथे खाल्ला तसा पुन्हा कुठे खाल्ला नाही.

घरच्यांनी विचारलं, मारायलाच कशाला जायचं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की नामिबियात 1975 च्या कायद्याने जमीनमालकाला आपल्या शेतावरच्या वन्य प्राण्यांवर हक्क मिळाला आणि 1996 च्या दुरुस्तीने तोच मार्ग सामूहिक जमिनीवरच्या गावांना, कॉन्झर्व्हन्सींना खुला झाला. त्याआधी कुडू म्हणजे गुरांच्या चाऱ्यात वाटेकरी. आता तो उत्पन्न आहे, म्हणून शेतकरी त्याला पाणी ठेवतो. हे ज्यांना पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण पैसा कुठे जातो ते प्रत्येक शिकाऱ्याने विचारावं.

कागदपत्रांचं एवढं लक्षात ठेवा. निघण्याआधी रायफल घेऊन सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या कस्टम्स खात्याच्या, कार्यालयात जाऊन फॉर्म 4457 वर शिक्का घ्या. परत येताना आणि जोहान्सबर्गमार्गे गेलात तर तिथेही तो लागतो. गोळ्या कुलपाच्या वेगळ्या पेटीत, 5 किलोंच्या आत. वाटेत कुठेही विमान बदलत असाल तर बंदुकीची परवानगी विमान कंपनीकडून आधी लेखी हवी. 1 एप्रिल 2025 पासून अमेरिकन पासपोर्टलाही नामिबियाचा व्हिसा लागतो. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मंडळींनी विशेष जपावं. नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे, राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद. पण बंदूक देशाबाहेर नेऊन परत आणायला एटीएफचा (बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचा) वेगळा परवाना लागतो, म्हणून अशांनी तिथलीच रायफल भाड्याने घ्यावी. जवळपास प्रत्येक शेतावर मिळते. बुकिंग करतानाच तिचं कॅलिबर आणि स्कोप विचारून घ्या आणि इथे मित्राकडून तशीच मागून तिच्यावर काठ्यांवरून सराव करा.