जोंगासोबत चौदा महिने: लोखंड टिकलं, रबर गेलं

गाडी 1984 सालची. लष्कराने काढून टाकल्यावर दोन मालकांकडे फिरून गेल्या वर्षी माझ्याकडे आली, आता कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. चौदा महिन्यांत साडेतीन हजार किलोमीटर झाले, बहुतेक रविवारचे: पानशेत, मुळशी, दिवे घाट.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जोंगा म्हणजे निसानच्या जुन्या पॅट्रोलवर आधारलेली, जबलपूरला 1969 ते 1999 या काळात बनलेली फौजी गाडी. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' याची आद्याक्षरं म्हणजेच जोंगा. इंजिन पेट्रोलचं, एका ओळीत सहा सिलिंडर, 3956 सीसी. माझी लिटरला साडेचार किलोमीटर देते. हा आकडा घरी आधी सांगूनच गाडी आणली.

इंजिन, गियरबॉक्स, चेसिस, स्प्रिंगचे पाटे यांनी मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही. बहुतेक त्रास रबराने दिला.

दुसऱ्याच महिन्यात चांदणी चौकाच्या उतारावर ब्रेकचं पेडल तळाला गेलं. गियर खाली टाकत, हँडब्रेक ओढत गाडी कडेला घेतली. मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधला कप वॉशर, म्हणजे ब्रेक ऑइल अडवून धरणारी रबराची वाटी, फाटला होता. माझ्या गाडीला ब्रेकची लाइन एकच आहे, त्यामुळे एका चाकाला गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. माझं काम करणारे मिस्त्रीकाका ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेत. त्यांनी ब्रेकचा ड्रम उघडला आणि म्हणाले, "दादा, एकच वॉशर बदलू नका. बाकीचेही याच वयाचे आहेत." चारही चाकांचे आणि मास्टर सिलिंडरचे (पेडलला जोडलेला मुख्य सिलिंडर) वॉशर बदलले. सिलिंडर हातात घेऊन नाना पेठेत फिरलो. नावाने मागितलं की नाही म्हणतात, माप जुळवून दाखवलं की मिळतं. हे भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नका, रबर फुगतं. ब्रेक ऑइलनेच धुवायचे.

टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या गाडीतल्या पंपाचा रबरी पडदा (डायफ्रॅम) गेला तेव्हा तर मी थोडक्यात वाचलो. एका सकाळी डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसलं. ऑइल कमी होतं हे माहीत होतं, वाढतं कसं? वास घेतला तर पेट्रोल. पंप इंजिनला बसवलेला असतो. पडदा फाटला की पेट्रोल इंजिनच्या तळाशी ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. तसंच घाट चढलो असतो तर बेअरिंगं गेली असती. आता 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, म्हणून पडदा आणि सगळे पाइप इथेनॉलला चालणारे घेतले. तेव्हापासून दर रविवारी डिपस्टिक बघितल्याशिवाय स्टार्टर मारत नाही.

एप्रिलमध्ये दिवे घाटात गाडी दोनदा बंद पडली. पंप तापून आत पेट्रोलची वाफ झाली होती. पंपावर ओलं फडकं टाकून वीस मिनिटं थांबलो आणि पुढे निघालो. पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की ब्रेक लागत नाहीत. अशा वेळी हळू चालवत पेडल हलकं दाबून ड्रम सुकवायचे. स्टिअरिंग जड आहे, पण आठवड्याभरात खांदे सरावतात.

कागदांबद्दल मात्र कळकळीने सांगतो. फौजी गाडीच्या नोंदणीला फॉर्म 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. माझ्या गाडीची पहिली नोंदणी त्यावरच झाली होती आणि त्याची प्रत फाइलमध्ये होती, म्हणून हस्तांतरण झालं. याआधी पाहिलेल्या एका सुंदर गाडीचं ते हरवलेलं होतं. मी परत फिरलो आणि त्याचं आजही वाईट वाटत नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीला फिटनेस आणि पर्यावरण कर आहेच. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याशिवाय कुणालाच लावता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम 121. माझी राखाडी आहे. व्हिंटेज, म्हणजे फार जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण लागतात आणि त्यावर रोज फिरवताही येत नाही, तेव्हा वेळ आली तरी मी ती घेणार नाही.

घ्यावी का? ज्याला स्वतः पाना धरायची हौस आहे, त्याने जरूर. झाकण उघडलं की सगळं समोर दिसतं, ठिणगीच्या वेळेचे पॉइंट साफ करून त्यांची फट जुळवायला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पंधरा मिनिटं पुरतात. रोज ऑफिसला न्यायची असेल तर नको. इंजिनच्या माउंटिंगचं रबर अजून जुनंच आहे, दिवाळीनंतर तेही बदलायचंय.