बी५५० मदरबोर्ड, खेड्यातलं कृषी केंद्र आणि ‘एसी बॅक’ची सेटिंग

आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाबद्दल, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात त्या मुख्य बोर्डाबद्दल, लिहितोय. बी५५० चिपसेट, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या कृषी केंद्रात याच मशीनवर बिलं होतात, जीएसटी भरतो आणि दुकान-गोदामाच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही यावरच चालतं. लिहायला बसलो ते रेकॉर्डिंगमुळे.

मृगाच्या तोंडावर वादळ झालं, डीपी जळाली, गाव दोन दिवस अंधारात. रात्री लाइन आली, पण मशीन उठलंच नाही. सकाळी चालू केलं तर तारीख काही वर्षं मागची, सरकारी पोर्टल उघडायला गेलं की ब्राउझर म्हणतो जोडणी सुरक्षित नाही, आणि बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममधल्या, माझ्या सगळ्या सेटिंग पुसलेल्या. वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग जपणारा बोर्डावरचा सेल संपला होता. गोदामात कपाशीच्या बियाण्याची थप्पी लागलेली आणि रात्रीचं एक मिनिटही रेकॉर्ड नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. म्हणे बोर्ड काढून नागपूरला आणा, आणि सेल वॉरंटीत येत नाही. कास्तकार दारात उभे असताना मी दुकान बंद करून नागपूरला जाऊ? सेल सीआर२०३२ जातीचा, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात मिळणारा. दारव्ह्यातून आणला आणि बसवला. हे त्यांना फोनवर सांगता येत होतं. तो राग अजून गेलेला नाही.

आता मुद्द्याची सेटिंग. लाइन जाऊन परत आली की मशीनने काय करायचं, हे बायोसमध्ये ठरवता येतं. कुठे तिला ‘एसी बॅक’ म्हणतात, कुठे ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’. पर्याय तीन: बंद राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. या बोर्डात ती तीन मेन्यूंच्या आत दडवली आहे आणि पुस्तिकेत तिच्यावर एक ओळ आहे. ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवण्याला, मात्र पानंच्या पानं. आमच्याकडे ओव्हरक्लॉकिंग करतो कोण? लाइन तर रोज जाते.

सुरुवातीला ‘आधी होतास तसा’ हा पर्याय मला सगळ्यांत शहाणा वाटायचा. यूपीएस लावला आणि मत बदललं. यूपीएसची बॅटरी उतरली की सॉफ्टवेअर मशीन नीट बंद करतं. मग बोर्डाच्या लेखी शेवटची अवस्था ‘बंद’ हीच, त्यामुळे लाइन आल्यावरही तो बंदच राहतो. कॅमेऱ्यासाठी ‘चालू हो’ हाच पर्याय पाहिजे. त्यातही एक फट आहे: मशीन बंद झालं पण यूपीएसची बॅटरी पुरती संपायच्या आत लाइन परत आली, तर वीज गेल्याचं बोर्डाला कळतच नाही. तेव्हा हातानेच सुरू करावं लागतं.

याची दुसरी बाजू वादळाच्या दिवसांत दिसते. लाइन येते, जाते, पुन्हा येते, आणि यूपीएसची बॅटरी संपलेली असेल तर मशीन दर वेळी अर्धवट उठून पडतं. हार्ड डिस्कसाठी हे वाईट. लाइन आल्यावर अमुक सेकंद थांब, एवढा एक पर्याय कंपनीने दिला असता तर मी या बोर्डाला पूर्ण गुण दिले असते.

सेल लवकर का संपतो तेही सांगतो. एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला) वीज असते तोवर बोर्डावरचं घड्याळ स्टँडबायच्या ५ व्होल्टवर चालतं. भिंतीवरचं बटण बंद केलं, की भार सेलवर. आपल्याकडे रात्री सगळी बटणं बंद करायची पद्धत आहे आणि विजा कडाडत असतील तर ती बरोबरही आहे. म्हणून सुटा सेल गल्ल्यात ठेवा, आणि सेटिंगची प्रोफाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. ती सोय या बोर्डात आहे आणि छान चालते.

उन्हाळ्याबद्दल मात्र मी खूश आहे, एवढी अपेक्षाच नव्हती. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. ५६००जी मुळात ६५ वॅटचा, बायोसमधून तो ४५ वॅटवर आणता येतो. बिलिंगला काडीचा फरक पडला नाही आणि पंख्याचा आवाज निम्म्यावर आला. कॅबिनेटचा पंखा तीन पिनांचा असेल तर बायोसमध्ये त्याचा मोड पीडब्ल्यूएमवरून (चार पिनांच्या पंख्याचा) डीसीवर न्या, नाहीतर तो कायम पूर्ण वेगाने फिरतो. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. कापूस वेचणीच्या दिवसांत रुईचे तंतू हीटसिंकमध्ये, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांत, अडकतात, ते ब्रशने काढावेच लागतात. तिथे कुठलीच सेटिंग कामाची नाही.

रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी एक्सएमपी ही सेटिंग चालू केली, रॅम ३२०० वर आली, पुढे काही बोलण्यासारखं नाही. ग्राफिक्ससाठी बोर्डाने २ जीबी रॅम अडवून ठेवली होती, ती ५१२ एमबीवर आणली. पैसे देऊन घेतलेली रॅम माझ्या कामाला आली.

बायोस अपडेट मी अजून केलेलं नाही. अपडेट चालू असताना लाइन गेली तर बोर्डच जायचा, आणि माझ्या यूपीएसची बॅटरी आता जुनी झाली आहे. दिवाळीनंतर नवी घेणार, मग बघू. तोवर ‘एसी बॅक’ चालू, ४५ वॅट, नवा सेल.